सांबार पाहून येतो

पार्बताबाईंनी अबोला धरला तो सकाळी सव्वासात वाजता, व्हिएतनाममधल्या एका हॉटेलात, नाश्त्याच्या टेबलावर. हातात तेव्हा अर्धं खाल्लेलं ड्रॅगनफ्रूट होतं. ते त्यांनी बशीत असं आपटलं की शेजारच्या टेबलावरचे चमचे वाजले.

कारण काय? तर शेषरावांची जीभ! आदल्या दिवशी समुद्रात बोट हलायला लागली, तेव्हा पार्बताबाईंनी डोळे गच्च मिटून नवऱ्याचा हात धरला आणि आपल्या भातकुलीपासून चांदूर बाजारपर्यंतचे सगळे देव एकेक करून बोलावले. डोळे उघडले तर हात एका कोरियन म्हाताऱ्याचा निघाला. तो बिचारा स्वतःच इतका घाबरलेला की तोही सोडेना. बरं, झालं ते झालं. पण ही गोष्ट शेषरावांनी पुण्याच्या तीस माणसांसमोर सांगावी? आणि नुसती सांगावी? उभं राहून, डोळे मिटून, बायकोचा आवाज काढून?

तीसच्या तीस माणसं हसली. चारुशीलाताई म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या तर डोळे पुसत पुसत हसल्या. आणि टूर मॅनेजर अद्वैत, सव्वीस वर्षांचा, दर वाक्यात दोनदा प्लीज म्हणणारा सभ्य मुलगा, तोसुद्धा पाठ फिरवून हसला. त्याची पाठ हलताना पार्बताबाईंना दिसली.

संपलं. अबोला.

आता त्यांच्या घरात अबोल्याला कायदा होता. जो आधी बोलला तो हरला. बत्तीस वर्षांत पार्बताबाई एकदाही हरल्या नव्हत्या. सगळ्यात लांबला तो अकरा दिवस, आणि तो पूर्ण म्हशीमार्फत चालला. "सांग वं चंद्रे, चहा ठेवला हाय म्हना ओसरीत." "सांग चंद्रे, साखर कमी पडली म्हना." शेवटी म्हैसच कंटाळली असणार. पण या कायद्यात एक मोठी खोट होती, आणि ती पार्बताबाईंना दर वेळी नव्यानं कळायची. अबोला धरला की भांडता येत नाही. पोटात राग उकळतोय, तोंडाशी एकापेक्षा एक वाक्यं येऊन उभी आहेत, आणि तोंड उघडलं की हरलो! कोणी करावं काय?

तशा त्या धुमसत बसमध्ये चढल्या. सहल पुण्यातल्या मुलानं, रोहितनं, पुण्याच्याच एका कंपनीकडून काढून दिलेली. त्यामुळे अख्ख्या बसमध्ये वऱ्हाडी असे हे दोघंच. आज शेवटचा दिवस. सकाळी होई आन नावाचं जुनं गाव बघायचं, मग तासाभरावरच्या मोठ्या शहरात जेवायचं आणि संध्याकाळी सहाचं विमान धरून घरी. अबोल्यात एका बाकावर बसायचा प्रश्नच नव्हता. पार्बताबाई पुढे चारुशीलाताईंजवळ बसल्या, शेषराव पार मागे जाऊन टोपी डोळ्यावर ओढून पडले.

"काकू, ओळखपत्र गळ्यात घाला, प्लीज," अद्वैत म्हणाला. "माझा नंबर आहे त्यावर."

"मी काय ढोर हाओ का, गळ्यात बिल्ला बांधाले?" पार्बताबाई म्हणाल्या. राग नवऱ्यावरचा, निघाला अद्वैतवर. बिल्ला त्यांनी काढला, शाल काढली, दोन्ही सीटवर टाकलं आणि खाली उतरल्या.

गावात फिरायला अकरापर्यंत वेळ होता. रंगीत कंदील, पिवळ्या भिंती, फोटो काढणारी माणसं, सगळं सुंदर होतं म्हणतात. पार्बताबाईंनी काही पाहिलं नाही. त्या मनात वाक्यं तयार करत चालल्या होत्या. आणि एका वळणावर वास आला. ओला, हिरवा, झोंबणारा. त्या जागेवर थांबल्या. भातकुलीच्या वावरात पहाटे उठून ज्याच्या जुड्या बांधायच्या आणि अमरावतीच्या बाजारात नेऊन बसायचं, तो वास त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

"ताई, तुमी व्हा पुढं," त्या चारुशीलाताईंना म्हणाल्या. "मी सांबार पाहून येतो."

"सांबार? आत्ता? अहो, आत्ताच तर नाश्ता झाला!"

"पाहाले काय लागते? वास आला ना मले."

"बघा बाई, मिळालं तर," चारुशीलाताई हळहळून म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

आता वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्यात सांबार म्हणजे इडलीबरोबर येतं ते. चारुशीलाताईंना वऱ्हाडातलं माहीत नव्हतं, आणि त्यांना ते माहीत नाही हे पार्बताबाईंना माहीत नव्हतं. एवढ्याशा गोष्टीनं पुढे तीस माणसांना उन्हात पळवलं.

बाजारात एक बाई बसली होती. चाळिशीची, डोक्यावर ती सुपासारखी टोकदार टोपी, आणि एक गुडघा वर घेऊन बसलेली. हुबेहूब पार्बताबाईंची धाकटी बहीण भागीरथा! तीही चांदूर बाजारात अशीच बसते. पुढ्यात सांबाराचा ढीग. पण जुड्या! जुड्या पाहून पार्बताबाईंचं डोकंच फिरलं. गाठ पार वर, पानांच्या गळ्याशी मारलेली.

"कावून वं बाई, अशी बांधते का कोनी?" त्यांनी सरळ तोफ डागली. "पानं गुदमरून राहिली ना ते! गाठ खाली मार, मुयापाशी!"

त्या बाईनं वर पाहिलं आणि तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक सुनावलं. ती भाषाच अशी, की एकेक शब्द खालून वर चढतो आणि वरून धपकन खाली उडी मारतो. कोणी वेळ विचारली तरी भांडण वाटावं.

"हे पाय! वरून मलेच बोलून राहिली!" पार्बताबाई म्हणाल्या आणि तिच्यासमोर फतकल मारून बसल्या. एक जुडी सोडली, मुळं झटकली, पिवळी पानं खुडली, देठं सारखी केली आणि खाली गाठ मारली. "हे अशी."

बाईनं जुडी हातात घेऊन फिरवून पाहिली. मग सगळा ढीग पार्बताबाईंकडे सरकवला.

त्या सहाव्या की सातव्या जुडीवर होत्या, तेव्हा फोन वाजला. दोन्ही हात हिरवे आणि ओले. त्यांनी फोन कसाबसा कान आणि खांद्यात धरला.

"काकू, अकरा वाजले," अद्वैत म्हणाला. "आलात का?"

"हाव, येऊन राहिली ना बाप्पा!"

आणि फोन खांद्यावरून सटकला आणि शेजारच्या मासेवालीच्या घमेल्यात, जिवंत वळवळणाऱ्या वाम माशांत, डुबुक!

आता भातकुलीत शेंबडं पोरही सांगेल, येऊन राहिली म्हणजे वाटेत आहे, किंवा वाटेला लागायच्या विचारात आहे. पण अद्वैत पुण्याचा. त्यानं ऐकलं ते असं, की काकू येऊन राहिल्या आहेत, म्हणजे कधीच्या येऊन बसल्या आहेत. वर फोनही कट केला, म्हणजे चिडल्या आहेत. सकाळच्या हसण्याची टोचणी त्याला होतीच. त्यानं खिडकीतून पाहिलं, पुढच्या सीटवर काकूंची शाल, काकूंचा बिल्ला. पुन्हा विचारायची त्याची छाती झाली नाही. शेजारच्या चारुशीलाताईंना वाटलं, अबोला मिटला आणि पार्बताबाई मागे नवऱ्याजवळ जाऊन बसल्या. अद्वैतनं यादीवर खूण केली आणि बस सुटली.

इकडे मासेवाली कोपरापर्यंत हात घालून फोन शोधतेय, मासे हाताला विळखे घालताहेत, भोवती माणसं जमलेली, प्रत्येक जण सल्ला देतोय, आणि पार्बताबाई ओरडताहेत, "अवं, त्या कोपऱ्यात! तो नाई, तो मासा हाय!" पंधरा मिनिटांनी फोन निघाला. मेलेला. वर बुळबुळीत. माळकरी घरातल्या पार्बताबाईंनी तो पदराच्या टोकात चिमटीनं धरला आणि तरातरा बस उभी होती तिथं गेल्या.

बस नव्हती.

दुसऱ्या बसगाड्या होत्या. बारा होत्या. पार्बताबाईंनी बाराही बसांच्या दारातून आत डोकावून पाहिलं, आणि बाराव्या बसमधून खाली उतरल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की एक आईस्क्रीमवाला आपली गाडी ढकलत लांब गेला.

"तीस मानसं मोजता येत नाई यायले!" त्या रिकाम्या जागेकडे पाहून ओरडल्या. "तीस! आमी दोनशे जुड्या एका नजरेत मोजतो! आन् तो पोट्टा! प्लीज म्हने! आन् हा माह्या नवरा! बायको बसमंधी हाय का नाई, हे मान वर करून पायता येत नाई याले? बत्तीस वर्सं झाली!"

आणि तेवढ्यात त्यांना आठवलं, की अबोल्यात मान वर करून पाहायचं नसतं. हा नियम त्यांचाच. त्यांनीच घालून दिलेला. त्यामुळे त्यांचा राग दुप्पट झाला. पासपोर्ट नवऱ्याच्या कमरेच्या पिशवीत, फोन माशांच्या पाण्यात बुडालेला, नंबर एक पाठ नाही, भाषा येत नाही आणि सहाचं विमान. रडावंसं वाटलं, पण राग असताना रडणं त्यांना पटेना.

मागून कोणीतरी दंड धरला. ती सांबारवाली! दुकान टाकून धावत आलेली. तिनं रिकामी जागा पाहिली, पार्बताबाईंकडे पाहिलं, आणि तोंडानं असा आवाज काढला, च्यक्! तो मात्र दोन्ही भाषांत सारखाच निघाला. मग तिनं पार्बताबाईंना दंडाला धरून बाजारात परत आणलं, आपल्या पाटावर बसवलं, डोक्यावर आपली टोपी घातली. फोन घेऊन तांदळाच्या टोपल्यात खुपसला.

"मले नको टोपी," पार्बताबाई म्हणाल्या. बाईनं दोरी त्यांच्या हनुवटीखाली घट्ट बांधली. "भागीरथे, आयकून राहिली का? नको म्हनलं ना!" नाव कळायचा काही मार्ग नव्हता, म्हणून त्यांनी ते देऊनच टाकलं होतं.

त्यांना वाटलं, दहा मिनिटांत येतील परत. दहाची वीस झाली, विसाची चाळीस. रिकामं बसवत नव्हतं म्हणून त्या जुड्या बांधत राहिल्या, आणि प्रत्येक गाठीला शेषरावांना एकेक वाक्य. त्या दिवशी त्या बाजारात इतक्या घट्ट जुड्या निघाल्या की गिऱ्हाइकं थांबून बघायची. मासेवालीनं नूडल्सचा वाडगा आणून दिला. पार्बताबाईंनी आत बोट दाखवलं, "यात काय हाय? मास? मी नाई खात!" मासेवालीनं समोर बसून काड्यांनी एकेक तुकडा वेचला. "तो रस्सा तं त्याचाच ना वं!" वाडगा परत गेला, पाच मिनिटांनी साधा भात, केळी आणि मीठ आलं. एका फळवालीनं पंखा आणून तोंडासमोर लावला. पार्बताबाईंची पंचाईत झाली. मनाजोगतं संतापावं म्हटलं की कोणीतरी हातात काहीतरी आणून द्यायचं.

"अवं, दोन मिनिटं रागावू तं द्या मले!" त्या शेवटी ओरडल्या. सगळ्या बायका हसल्या आणि कोणीतरी चहा आणला.

एक वाजून गेला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की असं बसून चालायचं नाही. विमान पुण्याच्या माणसांसाठी थांबणार नाही, तर भातकुलीच्या बाईसाठी कुठून थांबेल? त्या उठल्या आणि त्यांनी दोन्ही हात पसरले.

"इमान! इमान! घुंऽऽऽ!" हात पसरून त्या भाज्यांच्या मधून इकडून तिकडे पळाल्या.

बायकांनी आपसात चर्चा केली. एक जण धावत गेली आणि जिवंत बदक घेऊन आली.

"बदक नाई वं!" पार्बताबाई किंचाळल्या. बदकही किंचाळलं. "इमान! वर! आभायात! घुंऽऽऽ! मंग धप्पकन अमरावती!" त्यांनी बोट आकाशाकडे रोखलं, हातानं पुन्हा उड्डाण केलं, पोट धरून उलटी आल्यासारखं केलं, आणि सहा बोटं दाखवली. उलटीवर भागीरथाचे डोळे चमकले. तिनं घड्याळाकडे पाहिलं, एक शब्द बोलली, आणि सगळ्या बाजारानं "ओऽऽ" केलं.

पुढच्या पाच मिनिटांत भागीरथानं दुकान मासेवालीच्या ताब्यात दिलं, स्कूटर काढली आणि पार्बताबाईंना मागे बसवलं. नऊवारी नेसून एका बाजूला पाय टाकून बसलेली बाई त्या रस्त्यानं पहिलीच असावी, कारण सिग्नलला लोक हात करत होते.

"हळू चालव वं! तो ट्रक पाय! हॉर्न वाजव! अशी कशी आंधळ्यावानी चालवते? तुह्या घरी कोनी बोलाले नाई का तुले?" पार्बताबाई तासभर तिच्या कानात ओरडत होत्या. भागीरथा मधूनच नुसती मान हलवायची.

विमानतळाच्या दारात शिपायानं तिकीट मागितलं. तिकीट नाही, पासपोर्ट नाही. दोघी बाहेरच्या कट्ट्यावर बसल्या. पार्बताबाईंनी तिला खुणेनं सांगितलं, तू जा, दुकान आहे. भागीरथानं खुणेनं सांगितलं, नाही जात. पार्बताबाईंनी डोळे वटारले. भागीरथा आणखी जवळ सरकून बसली.

चार वाजता बस आली. आधी अद्वैत उतरला, आणि त्यानं पार्बताबाईंना पाहिलं तेव्हा त्याच्या तोंडून पहिल्यांदा प्लीज निघालं नाही. तो खाली बसला.

"बस! बस तिथंच!" पार्बताबाई उठल्या. अद्वैतशी काही अबोला नव्हता! पाच तासांचं साठलेलं सगळं एकदम निघालं. "मानूस सोडून जाते का रे? माह्यं गठुडं सांभाळलं असतं का असं? मी सांगितलं ना तुले, येऊन राहिली म्हून?"

"तेच तर, काकू! तुम्ही म्हणालात की येऊन राहिलात!"

"हाव! येऊनच तं राहिली होती!"

"म्हणजे आला होतात ना?"

"आली असती तं येऊन कशी राहिली असती रे बह्याडा!"

अद्वैतनं डोकं धरलं. मग चारुशीलाताई पुढे आल्या. चेहरा लालभडक, केस विस्कटलेले. "अहो, जेवायला बसलो तेव्हा कळलं, तुम्ही नाहीत. तिथूनच उलट फिरलो, परत होई आनला. मीच सांगितलं सगळ्यांना की तुम्ही सांबार शोधायला गेलात. आम्ही त्या गावातलं एकूणएक भारतीय हॉटेल पालथं घातलं! पाच हॉटेलं! एका ठिकाणी तर स्वयंपाकघरात शिरून पातेली उघडून पाहिली. एकानं बिचाऱ्यानं आमच्यासाठी सांबार करायला घेतलं, ते पूर्ण होईपर्यंत बसावं लागलं."

पार्बताबाईंनी कपाळावर हात मारला. "हाटेलात? सांबार पाहाले हाटेलात कोन जाते? सांबार बाजारात असते ना!"

"कोणत्या बाजारात सांबार असतं हो?"

"शेवटी काकांनीच उलगडा केला," अद्वैत म्हणाला. "काका आधी काही बोललेच नाहीत. मान खाली घालून नुसते मागून चालत होते. पाचव्या हॉटेलात त्यांनी विचारलं, सगळे सांबार का पितायत? ताईंनी सांगितलं. तर काकांनी वाटी टेबलावर ठेवली, म्हणाले, 'अरे येड्यांनो, सांबार म्हंजे कोथिंबीर!' आणि पळत सुटले भाजीबाजाराकडे. आम्ही हाका मारतोय, ते ओरडले, 'तुमी जा, मी तिले घेतल्याबिगर येत नाई!'"

पार्बताबाईंनी एकदम बसकडे पाहिलं. शेवटची माणसं उतरत होती. त्यात टोपी नव्हती.

"म्हंजे ते तिकडंच हायेत?"

"आम्ही थांबलो खूप वेळ. पण बाकीच्यांचं विमान..."

आता पार्बताबाईंना दोन राग एकदम आले. एक, नवरा बसमध्ये नसल्याचा. आणि दुसरा जास्त मोठा, की नवरा आल्यावर जे ऐकवायचं म्हणून सकाळपासून तयार केलं, ते आता कोणाला ऐकवायचं? त्या येरझाऱ्या घालू लागल्या. पावणेपाच झाले. टूरमधली तिथली गाईड मुलगी, लान, सारखी कोणाला तरी फोन लावत होती. "काउंटर सव्वापाचला बंद होतो," अद्वैत बारीक आवाजात म्हणाला. कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पाच वाजायच्या थोडं आधी एक स्कूटर आली. पुढे मासेवाली. मागे वाम माशांचं रिकामं घमेलं, आणि ते घमेलं दोन्ही हातांनी पोटाशी कवटाळून बसलेले, माळकरी, घामाघूम, टोपी हरवलेले शेषराव.

ते उतरले. बायकोसमोर चार पावलांवर येऊन उभे राहिले. ओठ हलले, आणि कायदा आठवून पुन्हा मिटले. पार्बताबाईंनीही तोंड उघडलं होतं, तेही मिटलं. दोघं एकमेकांकडे बघताहेत, घमेल्यातून पाणी ठिबकतंय आणि पुण्याची तीस माणसं श्वास रोखून उभी.

आणि मग कट्ट्यावरून भागीरथा उठली. तरातरा शेषरावांसमोर गेली, कमरेवर हात ठेवला आणि सुरू झाली. काय तो आवाज, काय ते चढउतार! मधेच बोट पार्बताबाईंकडे, मधेच बोट शेषरावांच्या छातीवर. शेषराव खाली मान घालून, "हाव बाई, चुकलं बाई," करत होते. पार्बताबाईंना एक शब्द कळत नव्हता, पण असं वाटत होतं की आपल्या पोटातलं एकेक वाक्य ही बाई बाहेर काढून वाजवतेय, अगदी जसंच्या तसं, आणि अबोलाही शाबूत! त्यांनी पदर खोचला आणि मान डोलवत ऐकत राहिल्या.

"आयका, आयका," त्या हवेत बोलल्या. "असं पायजे!"

भागीरथा थांबली. लान एवढा वेळ तोंडावर हात ठेवून उभी होती. ती अद्वैतच्या कानात काही बोलली. अद्वैत चपापला.

"काकू," तो म्हणाला, "त्या बाई काकांना रागवत नव्हत्या."

"मंग काय आरती करून राहिली होती?"

"त्या काकांना सांगत होत्या, की तुमची बायको सकाळपासून माझ्यावर ओरडतेय. जुड्यांवरून ओरडली, बदकावरून ओरडली, जेवणावरून ओरडली. गाडीवर तर तासभर माझ्या कानातच ओरडली. आणि मला त्यातलं काहीसुद्धा कळलं नाही."

शेषरावांच्या नाकातून एक आवाज आला. पार्बताबाईंनी पाहिल्याबरोबर तो आत गेला.

"अजून आहे," अद्वैत म्हणाला. लानला त्यानं पुन्हा विचारलं, आणि या वेळी तो जरा सावकाश बोलला. "त्या म्हणतायत, त्यांची आई दुकानात त्यांच्या शेजारी बसायची. तीही दिवसभर अशीच ओरडायची. आईला जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून त्यांच्यावर कोणी ओरडलंच नाही. म्हणून आज दुकान टाकून आल्या. म्हणाल्या, रस्ताभर आणखी थोडं ऐकायला मिळेल."

पार्बताबाईंनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. आतून काहीच आलं नाही. समोर भागीरथा खाली मान घालून स्कूटरची किल्ली बोटाभोवती फिरवत होती, आणि बायकोच्या तोंडून शब्द फुटत नाही हे शेषरावांनी बत्तीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं. ते घाबरले. खरंच घाबरले. घमेलं त्यांच्या हातातून खाली पडलं.

"अवं पार्बते!" ते ओरडले. "अशी चूप कावून झाली? बोल ना! जाऊन राहिली ना ते बाई! चार शब्द रागाव तिले!"

आपण जिंकलो, हे पार्बताबाईंच्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी डोळ्याला पदर लावला, नाक ओढलं आणि दोन पावलं पुढे झाल्या.

"काय वं भागीरथे!" आवाज आधी चिरकला, मग लागला. "लाज नाई वाटत? अर्धा दिवस दुकान टाकून फिरते? गिऱ्हाइकं काय त्या बदकानं पाहावं? आन् सकायपासून तू काय खाल्लं? मले भात चारला, केळी चारली, स्वताच्या पोटात काय घातलं, सांग! पाय, हातपाय कसे काड्यावानी झाले! घरी जाऊन आंधी जेवजो, समजलं का? आन् अंधारायच्या आत पोचजो!"

"काकू, काउंटर," अद्वैत म्हणाला.

"थांब बे," शेषराव म्हणाले.

भागीरथा दोन्ही हात पुढे जुळवून, पायाच्या अंगठ्याकडे बघत, शाळेतल्या मुलीसारखी उभी होती. पार्बताबाई दम खायला थांबल्या. तशी तिनं मान जराशी वर केली आणि बोटानं खूण केली, अजून.